खेचराचा टप

धनुकाकी फोनवर बोलते तेव्हा मध्ये फोन आहे हे तिला मान्यच नसतं. नंदुरबारच्या ओट्यावर उभं राहून थेट नवापूरला हाक मारावी तशी ती बोलते, आणि शब्बीरच्या बायकोच्या, अख्तरबानोच्या गुडघ्यापासून हायवेवरच्या धुळीपर्यंत सगळ्यांची खुशाली घेतल्याशिवाय मुद्द्याला हात घालत नाही. त्या दिवशी सकाळी मात्र तिने कोणाचीच खुशाली विचारली नाही. शब्बीरने सवयीने फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तो त्याला जवळ आणावा लागला.

"भो शब्बीर, आज त्यासनी माले वयखं नही," ती म्हणाली. "माले म्हनतस, बाई, तुम्ही कोनता गावन्या?"

पन्नास वर्षांच्या संसारानंतर नवरा बायकोला तिचं गाव विचारत होता. शब्बीर म्हणाला, काकी, मी आज संध्याकाळच्या गाडीने येतो. तिकडून उत्तर आलं की ये, पण ये म्हणजे येच. हल्ली ते कधी घरात असतात आणि कधी खाटेवर बसूनच बाहेरगावी गेलेले असतात.

ते म्हणजे शांतीलाल मिस्तरी, शब्बीरचे उस्ताद. त्यांची मूत्रपिंडं थकली होती, आठवड्यातून दोनदा नळ्या लावून रक्त धुवावं लागत होतं, आणि त्या रक्ताबरोबर माणसांची नावंही धुऊन निघत होती. एखाद्या दिवशी सगळं लख्ख. कोणाची सून कोणत्या गावची, कोणत्या गाडीचा उजवा मडगार्ड कधी ठोकला, सगळं तोंडपाठ. आणि एखाद्या दिवशी खाटेशेजारी बसलेली बायकोसुद्धा पाव्हणी. शब्बीरला उस्तादांच्या मरणापेक्षा याची धास्ती होती. मरण येईल तेव्हा येवो. त्याआधी, उस्ताद 'हाऊ मन्हा शब्बीर' म्हणून ओळखतायत अशा एका दिवशी, त्यांच्या हातात त्याला एक गाडी ठेवायची होती. वीतभर लांबीची.

ही गाडी काय होती ते सांगण्याआधी उस्ताद काय होते ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय शब्बीरचा जीव एवढा का टांगणीला लागला ते कळायचं नाही.

शांतीलाल मिस्तरींनी नवापुरात अर्धं आयुष्य डेंटिंग-पेंटिंग केलं. बिडी ओठांच्या उजव्या कोपऱ्यात, बोलणं डाव्या कोपऱ्यातून. पत्र्यावर हातोडी मारताना ते पत्र्याशीच बोलायचे, ये रे बापा, ये, वर ये, लाजू नको. पोरांशी मात्र इतक्या मायेने कधी बोलले नाहीत. त्यांच्याकडे कौतुकाचा शब्द एकच होता, 'चाली'. म्हणजे चालेल. तोही ते असा टाकायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या खिशातून काहीतरी जबरदस्तीने काढलं. शेडमधल्या बाकी पोरांना वर्षाकाठी एखादा 'चाली' मिळायचा. शब्बीरला तोही मिळाला नाही. त्याच्या कामावरून उस्ताद हात फिरवायचे, खाकरायचे, आणि पुढच्या गाडीकडे जायचे.

कळसाडीच्या गिरधरशेटच्या गाडीच्या वेळीही तेच झालं. गिरधरशेट ऊसवाला माणूस. त्यांची ॲम्बेसेडर मागून ट्रकने चेपली होती आणि त्यांच्याच घरची जुनी जीप पुढून झाडावर आपटली होती. दोन्ही घेऊन ते शेडवर आले आणि विचारलं, मिस्तरी, या दोन मढ्यांतून एक जिवंत निघेल का? उस्ताद म्हणाले, चाली. मग ॲम्बेसेडरचं तोंड आणि जीपचं ढुंगण अशी एक गाडी उभी राहिली. पुढे शेट-शेटाणी बसतील ऐटीत, मागे बेणं ठेवा नाहीतर वऱ्हाड ठेवा. दोघींचे उरलेले रंग एकत्र ढवळून जो रंग झाला त्याला दुकानात नाव नव्हतं. गिरधरशेट त्याला उसाच्या रसाचा रंग म्हणायचे. कळसाडीची पोरं गाडीला खेचर म्हणायची, आणि महिनाभरात खुद्द शेटही खेचर म्हणायला लागले. हे खेचर वऱ्हाड घेऊन तोरणमाळचा घाट चढून गेलं, तेव्हा उस्तादांनी शेडवर सगळ्यांना भजी खाऊ घातली.

त्या खेचराचा टप शब्बीरने जोडला होता. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. दोन गाड्यांचे दोन टप, एक गोल, एक चपटा, मधला सांधा असा घासला की पावसाचं पाणी वाट शोधत शोधत थकलं. उस्तादांनी वरून हात फिरवला, खाकरले, आणि पाना मागितला.

पुढे गिरधरशेट गेले, मुलांनी नवी गाडी घेतली, खेचर भंगारात गेलं. त्याचा एक फोटोसुद्धा कोणाकडे नव्हता.

शब्बीरला छोट्या गाड्यांचा नाद लागला तो नंतर. सुरतेच्या एका गिऱ्हाइकाने चेपलेली डिकी दुरुस्त करून घेताना तिच्यातला एक खोका त्यालाच देऊन टाकला. आत प्लॅस्टिकच्या फांद्यांना लटकलेले गाडीचे भाग, जोडायचे आणि गाडी करायची. पण चाकं तीनच. शब्बीरने चौथ्या चाकासाठी दुसरा खोका मिळवला, त्याच्यात दरवाजा नव्हता म्हणून तिसरा. असे खोके मिळायचे सुरतेच्या रेवजीकडे. रेवजी मोडीत काढायला आलेल्या जहाजांवरचं सामान घ्यायचा. परदेशी खलाशांनी वेळ घालवायला घेतलेले हे खोके कधीच पुरे नसायचे. त्यामुळे शब्बीरने आयुष्यात एकही गाडी खोक्यावरच्या चित्रासारखी केली नाही. याचं इंजिन, त्याची जाळी, तिसऱ्याची सीट. अख्तरबानोचं नेलकटर त्या फांद्या कापण्यात गेलं, तिच्या भुवयांचा चिमटा बारीक भाग धरण्यात गेला. कॉम्प्रेसरच्या वर एक फळी होती, तिच्यावर या गाड्या फडक्याखाली झाकलेल्या असायच्या. फडकं नसतं तर पिसं बसली असती. नवापुरात पोल्ट्रीच्या गाड्या दिवसरात्र धावतात, आणि ओला रंग दिसला की पीस तिथेच येऊन बसतं.

उस्ताद नंदुरबारला राहायला गेल्यापासून शेड शब्बीर चालवायचा, पण आता डेंटिंगचं काम उरलं नव्हतं. नव्या गाडीला पोचा पडला की दरवाजाच बदलतात. शब्बीरकडे यायच्या त्या कोंबड्यांच्या पिकअप. त्यामुळे हात शिवशिवायचे आणि वेळही असायचा. उस्ताद आजारी पडले तेव्हा त्याच्या मनात आलं, की खेचर परत करू.

ॲम्बेसेडरचा खोका जगात कुठे निघत नाही. मग एका विलायती मोटारीचं गोलमटोल अंग घेतलं, दुसऱ्या गाडीचं बॉनेट कापून त्यावर बसवलं, जाळी तिसरीची, दिवे चौथीचे. मागचा भाग एका लष्करी जीपचा. मोटार खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाची, जीप चोविसाव्या हिश्शाची, मापं जुळेनात. पण मापं खऱ्या खेचराचीही जुळली नव्हती, उस्तादांनी मध्ये पत्र्याची पट्टी घालून भांडण मिटवलं होतं. शब्बीरनेही प्लॅस्टिकची पट्टी घातली. टपाचा सांधा त्याने बारीक पाणीपेपरने इतका घासला की डोळे मिटून अंगठा फिरवला तरी तो कुठे आहे ते त्यालाच सापडेना. त्यावर अस्तर झालं. उसाच्या रसाचा रंगही खऱ्या गाडीच्या डब्यांतून ढवळून तयार झाला. फक्त रंग मारणं राहिलं होतं. पहिल्यांदा नुसता धुक्यासारखा मारायचा, म्हणजे प्लॅस्टिकला चटका बसत नाही.

आणि धनुकाकीचा फोन आला.

शब्बीरने हिशेब केला. आता रंग मारला तर दुपारपर्यंत हात लावण्याजोगा सुकेल, संध्याकाळची गाडी मिळेल. त्याने कॉम्प्रेसर चालू केला, रंग फवारायची गन धुतली, रंग गाळून भरला. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, बाई, तुम्ही कोनता गावन्या. आज काकीला विचारलं, उद्या मला विचारतील. त्याने गाडी डाव्या हातात घेतली, उजव्या हातात फडकं.

उस्तादांच्या शेडमध्ये पहिलं वर्षभर पोरांना गनला हात लावू देत नसत. वर्षभर फक्त पुसायचं. थिनरचं फडकं घेऊन पत्रा वरून खाली एका दमात पुसायचा, हाताचं तेल, घाम, धूळ काही राहता कामा नये. न पुसता गन उचलली की पाठीत चापट. 'पयले पुस, मंग मार.' चाळीस वर्षांत शब्बीरने न पुसता एक गाडी रंगवली नव्हती. छोट्या गाड्या तो साबणाच्या पाण्याने पुसायचा आणि वेगळ्या डबीतल्या रंगाने रंगवायचा. कडक थिनर प्लॅस्टिकला खातं हे त्याला ठाऊक होतं. पण आज हातात खरी गन होती, नाकात खऱ्या रंगाचा वास होता, समोर उस्तादांची गाडी होती, आणि डोकं नंदुरबारला होतं. हाताने फडकं थिनरच्या डब्यात बुडवलं आणि बॉनेटपासून टपापर्यंत एका दमात पुसलं.

टप त्याच्या बोटांखाली लोण्यासारखा सरकला.

त्याने फडकं फेकलं तोवर झालं ते झालं होतं. बॉनेटवर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या, आणि टपावर त्याच्याच दोन बोटांचे ठसे, रेघांसकट. मधला सांधा तोंड उघडून बसला होता. शब्बीर तिथेच पालथ्या बादलीवर बसला. कॉम्प्रेसर घरघरत होता, तो बंद करायचंही त्याला सुचलं नाही. एक पीस आलं आणि अगदी ठशावर चिकटलं.

अख्तरबानो डबा घेऊन आली तेव्हा तो तसाच होता. अख्तरबानो तशी या गाड्यांना खिलौने म्हणायची, पाव्हण्यांसमोर तर 'हमारे इनके बच्चों के खिलौने' असं म्हणून मुद्दाम थांबायची, कारण घरात बच्चा कोणी नव्हता. आज तिने काही टोमणा मारला नाही. तिने गाडी उचलून उजेडात धरली, फिरवून पाहिली, आणि डबा बाजूला ठेवला.

"ऐसीच ले जाओ," ती म्हणाली. "आज ले जाओ. उनको गाडी देखनी है के टप?"

शब्बीर म्हणाला, तू उस्तादांना ओळखत नाहीस. असा टप दाखवला तर अंगावर फेकतील.

अख्तरबानो म्हणाली, फेकू दे की. फेकलं तर निदान कोणावर फेकतोय ते त्यांना माहीत असेल.

तो हे ऐकून घेता तर फार बरं झालं असतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर आपल्याला 'चाली' म्हटलं नाही, त्याच्याकडे शेवटचं काम म्हणून हे भाजलेलं वांगं न्यायचं, ही कल्पनाच शब्बीरला सहन होईना. त्याने काकीला फोन करून सांगितलं की आज जमत नाही, लवकरच येतो. काकीने विचारलं नाही की का. ती नुसतं बरं म्हणाली, आणि तेही हळू.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो सुरतेला गेला. रेवजीचं गोडाऊन म्हणजे जहाजाचं पोट फोडून रस्त्यावर ओतल्यासारखं. बंब, खुर्च्या, नांगराचे दोर, कपाटं, आणि कुठेतरी कोपऱ्यात ते खोके. रेवजीला प्रत्येक वाक्याला 'समजो ने' लावायची सवय आहे. समोरच्याला समजलं तरी लावतो, नाही समजलं तरी लावतो.

"शब्बीरभाई, ये दरिया का माल है, समजो ने," रेवजी म्हणाला. "दरिया वोही चीज दूसरी बार नहीं देता."

शब्बीरने त्याला दुकान सांभाळायला सांगितलं आणि स्वतः ढिगाऱ्यात शिरला. खोक्यावर खोका उपसत गेला. ट्रक निघाले, विमानं निघाली, एका खोक्यात तर नुसता खलाशाचा मोजा निघाला. विलायती मोटार निघाली नाही. रेवजी बाहेरून मधूनमधून आवाज द्यायचा, की शब्बीरभाई, चाय ठंडी होती है, समजो ने. शब्बीरला समजत होतं. त्याला हेही समजत होतं की आज नळ्या लावायचा दिवस नाही, म्हणजे आज उस्ताद कदाचित लख्ख असतील, आणि तो इथे दुसऱ्याच्या मोज्यात हात घालून बसलाय. तरी त्याला उठवेना. गुडघे टेकून तो शोधत राहिला, आणि शेवटी एका फुटक्या खोक्यात त्याला जर्मन मोटारीचं अंग मिळालं. तोंड वेगळं, पाठ वेगळी, पण टपाचा पुढचा गोल भाग आपल्या खेचराशी जुळेलसा. थोडा अरुंद. शब्बीरने तो छातीशी धरला. रेवजी म्हणाला, ये तो दूसरी गाडी है. शब्बीर म्हणाला, मला फक्त टप पाहिजे.

त्याने वितळलेला टप करवतीने कापून काढला, नवा बसवला, बॉनेटच्या सुरकुत्या घासून घासून मोडल्या. सांध्यात पुट्टी भरली. आणि इथे त्याला घड्याळाशी झगडावं लागलं. पुट्टी वरून सुकते तरी आत ओली असते. तिला पाच-सहा दिवस स्वस्थ पडू द्यावं लागतं, नाहीतर रंगाखाली ती बसते आणि सांध्याची रेघ वर येते. हे शब्बीर नव्या पोरांना शिकवायचा. गिऱ्हाईक कितीही बोंबललं तरी पुट्टीला घाई चालत नाही, असं म्हणायचा. आता त्याने गाडी उन्हात ठेवली, मग बल्बखाली ठेवली, मग अख्तरबानोचा केस सुकवायचा पंखा मागून आणला. अख्तरबानोने तो दिला आणि एवढंच म्हणाली, की इतक्या वेळात तुम्ही तिथे जाऊन, फेकलेली गाडी डोक्यावर झेलून, परतही आला असतात.

फोन वाजला की तो हातातलं टाकून धावायचा. कोणी कोंबडीवाला असायचा, पिकअपची तारीख विचारणारा. शब्बीर त्याच्यावर असा ओरडायचा की कोंबडीवाल्याला कळेना, आपण नेमकं काय विचारलं.

चौथ्या दिवशी त्याच्याने राहवलं नाही. पुट्टी नखाने दाबून पाहिली, कडक लागली. आतून कडक नसेल हे त्याला माहीत होतं. त्याने साबणाच्या पाण्याने गाडी पुसली, कोपरं टेबलाला टेकवली, आणि धुक्यासारखे पातळ हात देत उसाच्या रसाचा रंग मारला. सुंदर बसला. शेडच्या सावलीत सांधा कुठे दिसत नव्हता. पहिल्यांदा त्याला वाटलं की जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदुरबारच्या गाडीत तो खोका मांडीवर घेऊन बसला. चिंचपाड्याला त्याने झाकण उघडून पाहिलं, ठीक होतं. खांडबारा गेलं आणि खिडकीतून आडवं ऊन आत आलं. त्याने पुन्हा झाकण उघडलं. टपावर केसाएवढी रेघ उठली होती. या कानापासून त्या कानापर्यंत, सरळ. शेजारी बसलेली बाई वाकून बघत म्हणाली, गाडी लई भारी शे, भो, नातू साठे का? शब्बीरने हो म्हटलं. उतरून परतीची गाडी पकडावी असंही त्याच्या मनात आलं. पण गाडी तेव्हा थांबत नव्हती.

धनुकाकी दारातच उभी होती. शब्बीरला पाहून तिने पदर तोंडाला लावला. तिने जे सांगितलं ते शब्बीरने चप्पल काढता काढता ऐकलं, आणि मग त्याला दुसरी चप्पल काढायचं भान राहिलं नाही. तो सुरतेला होता नेमक्या त्याच दिवशी, उस्ताद सकाळपासून संध्याकाळपर्यंत लख्ख होते. पोटभर जेवले. बिडी मागितली. आणि सारखे विचारत होते, शब्बीर दिसस नही, शब्बीर कठे गया. काकीने सांगितलं, येणार आहे, काम अडलंय त्याचं. उस्ताद म्हणाले होते, काम असेल तर येऊ दे सावकाश. त्यानंतर ते खाटेवरूनच बाहेरगावी गेले, ते परत घरात आलेच नाहीत.

उस्ताद ओसरीवर खाटेवर बसले होते. अंगाने अर्धे झाले होते, डाव्या हातावर सुया टोचून टोचून दोरखंडासारख्या गाठी आल्या होत्या. शब्बीर पुढे जाऊन वाकला आणि म्हणाला, उस्ताद, मी शब्बीर.

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं आणि जरा सरकून खाटेवर जागा केली.

"बसा, भाऊ," ते म्हणाले. "च्या लेसात का?"

चाळीस वर्षांत त्यांनी शब्बीरला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. 'अय शब्बीऱ्या, मरना का तठे' हे म्हटलं होतं, त्याहून वाईटही म्हटलं होतं. त्या आदबशीर 'बसा'पेक्षा शब्बीरला शिवी बरी वाटली असती. तो बसला. काकीने चहा आणला, तो त्याने हातात धरला, प्यायला नाही. मग काहीच करण्यासारखं उरलं नाही म्हणून त्याने खोका उघडला आणि गाडी उस्तादांच्या मांडीवर ठेवली.

उस्तादांनी ती उचलून डोळ्यांजवळ नेली. बॉनेट पाहिलं, जीपचा मागचा भाग पाहिला, मधली पट्टी पाहिली. ओठांचा उजवा कोपरा, जिथे एरवी बिडी असायची, तो हलला.

"हाई ते खेचर शे," ते म्हणाले. "गिरधरशेटनं खेचर."

आणि बोलायला लागले. डाव्या कोपऱ्यातून, अगदी पूर्वीसारखे. तोरणमाळचा घाट, मागे बसलेलं वऱ्हाड, वळणावर उतरून धक्का द्यायला तयार असलेला नवरदेव, आणि धक्का न घेता चढलेलं खेचर. गाडी त्यांनी ओळखली होती, रंगासकट ओळखली होती. शब्बीर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, की आता या घाटाच्या वळणावर कुठेतरी आपणही भेटू.

बोलता बोलता त्यांचा अंगठा बॉनेटवरून वर सरकला, काचेवरून टपावर गेला आणि थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला. शब्बीरने चहाचा कप खाली ठेवला.

"हाऊ सांधा लागस," उस्ताद म्हणाले. "पुट्टी ओली व्हती. घाई कयी तुम्ही, भाऊ."

शब्बीरने मान हलवली. घाई केली होती, हे खरंच होतं. उशीर केला होता, हेही खरं होतं.

उस्तादांनी गाडी त्याच्या हातात परत दिली, तशी हळूच, पाव्हण्याचं मन दुखावू नये अशी. मग जरा पुढे वाकले.

"नवापूरले मन्हा शब्बीर शे. त्याकडे लई जा. हाऊ सांधा तो असा मोडी, तुम्हले आठे सांधा व्हता हाई बी समजाव नही." ते थांबले, दाराकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "त्याना हात मन्हापेक्षा साफ शे. पन त्याले सांगू नका. माजी जाई."

 मग काकीला ते सहन झालं नाही. ती नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, अहो, हाऊच शब्बीर शे, दखा ना नीट. उस्तादांनी नीट पाहिलं. एखाद्याने चांगला विनोद केला की हसावं तसे ते हसले, आणि शब्बीरला म्हणाले की बाईमाणसाचं मनावर घेऊ नका. मन्हा शब्बीर पोऱ्या शे. भाऊना ते केस पिकनात.

शब्बीर त्यावर हसला. काय करणार होता? त्याने गाडी खोक्यात ठेवली, फडकं नीट दाबलं, आणि उठला.

"त्याले सांगसात ना नही?" उस्तादांनी पुन्हा विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

"नही सांगसू," शब्बीर म्हणाला.

त्यांनी त्याला जास्त वेळ थांबूही दिलं नाही. दुपारची गाडी पकडा, शब्बीर लवकर शेड बंद करतो, असं म्हणून पिटाळलं. काकी फाटकापर्यंत आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून परत फिरली.

स्टेशनवर बाकडं मोकळं होतं, तरी शब्बीर उभाच राहिला. खोका त्याने दोन्ही हातांनी धरला होता. अख्तरबानोचा फोन आला तेव्हा त्याला एक हात काढावा लागला.  तिने विचारलं, पहचाना क्या?

शब्बीरने दुसऱ्या हाताने खोका छातीशी धरला.

"मेरीच बातें कर रहे थे," तो म्हणाला.